पदकानंतरचे आयुष्य

खेळाडूच्या ऐन भराचा काळ फार तर दहा-बारा वर्षांचा. त्यानंतर तीस-पस्तीस वर्षांचे कमावते आयुष्य शिल्लक असते. इतिहासाचे अभ्यासक या नात्याने आम्हांला विजयाच्या तारखेइतकेच तिच्यानंतरच्या वर्षांचे महत्त्व वाटते. शाळा-महाविद्यालयांच्या नोंदी मात्र पदकापाशीच थांबतात.

आपल्याच जिल्ह्यातील सारिका काळे यांचे उदाहरण पाहावे. २०१६ साली गुवाहाटी येथील दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत त्यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला खो-खो संघाने सुवर्णपदक पटकावले. २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोला हा मान बावीस वर्षांनंतर लाभला होता. एवढे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्याच वेळी त्यांनी सांगितलेली दुसरी हकिकत आपण लवकर विसरलो. वडिलांना शारीरिक मर्यादा, आई शिवणकाम करणारी, घर आजी-आजोबांच्या कमाईवर चाललेले. जवळजवळ दहा वर्षे त्यांना दिवसातून एकदाच जेवण मिळे. चांगले अन्न मिळे ते शिबिरात किंवा स्पर्धेला गेल्यावर. ज्या २०१६ साली सुवर्ण आले, त्याच वर्षी घरच्या ओढगस्तीने खचून त्यांनी खेळ सोडण्याचे ठरवले होते, असे त्यांचे प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी सांगितले आहे. त्या मैदानावर परतल्या, हे आपल्या जिल्ह्याचे भाग्य.

मग त्यांच्या घराला स्थैर्य कशाने आले? पदकाने नव्हे, तर तुळजापूर येथील क्रीडा अधिकारी पदाने. २०२२ साली पुण्यात बालेवाडीला सहा संघांची व्यावसायिक खो-खो लीग सुरू झाली, तीही पुरुषांची. आपल्या मुलींसाठी खेळातली खरी कमाई म्हणजे रेल्वेसारख्या संस्थांचे संघ आणि शासकीय सेवा हीच राहिली. राज्याच्या सेवेत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. परंतु पदासाठी लागणारी शैक्षणिक अर्हता खेळाडूलाही चुकत नाही. पदक दारापर्यंत नेते. दार उघडते ते पदवीने.

म्हणून आम्हांला दोन्ही टोकांची भूमिका अमान्य आहे. ‘खेळून पोट भरत नाही’ म्हणत नववीतल्या मुलीला मैदानावरून घरी नेणारे पालक तिची एक वाट बंद करतात. स्पर्धेच्या नादात तिच्या परीक्षांकडे काणाडोळा करणारे हितचिंतक दुसरी वाट बंद करतात. गुडघा दुखावला, वय सरले की अशी मुलगी ऊसतोडीच्या टोळीत किंवा घाईने ठरलेल्या लग्नात हरवते, आणि तिचे नाव मात्र करंडकावर कोरलेले राहते.

निवासी शाळेला हे टाळता येते, कारण तिच्याकडे सकाळचे मैदान आहे, दोन वेळचे जेवण आहे आणि रात्रीची अभ्यासिकाही आहे. स्पर्धेवरून परतलेल्या विद्यार्थिनींचे बुडालेले तास भरून काढावेत. त्यांची प्रमाणपत्रे कार्यालयात जपून ठेवावीत आणि पडताळणीची वेळ येईल तेव्हा ती हाती द्यावीत. माजी विद्यार्थ्यांपैकी प्रत्येकाने एका खेळाडूचे दहावीनंतरचे शिक्षण आपले मानावे. आणि पुढील स्मरणिकेत पदकांच्या यादीशेजारी आणखी एक रकाना असावा : ‘सध्या काय करते?’ तो रकाना कोरा राहिला, तर त्याची लाज आपल्या सर्वांना वाटली पाहिजे.

खो-खोत खो देणारा खेळाडू मैदान सोडून जात नाही. ज्याला खो दिला त्याच्याच चौकोनात तो बसतो आणि पुन्हा उठण्यास सिद्ध असतो. सारिका काळे खेळाडूच्या जागेवरून अधिकाऱ्याच्या जागेवर गेल्या, पण मैदानातच राहिल्या. आपल्या मुलींनाही धावून झाल्यावर बसण्यासाठी हक्काचा चौकोन हवा. तो आखण्याचे काम शाळेचे, पालकांचे आणि समाजाचे आहे.