खावे कुठे, आणि कोणी?

पुण्यात खायला चांगले कुठे मिळते, या प्रश्नाचे उत्तर देण्याचा जो उत्साह मराठी लिहित्या माणसात दिसतो तो इतर सार्वजनिक प्रश्नांच्या वाट्याला क्वचितच येतो. नळाला पाणी का नाही यावर गप्प राहणारा गृहस्थ मिसळीच्या रश्श्यावर मात्र तासभर हिरिरीने बोलू शकतो. या उत्साहाबद्दल आमची तक्रार नाही. खाणे हा बोलण्याजोगा विषय आहे आणि त्यावर भांडणे हे तर सुसंस्कृतपणाचे लक्षणच आहे. तक्रार आहे ती या उत्साहातून निपजणाऱ्या याद्यांबद्दल. ‘आवडत्या जागा’, ‘न चुकवाव्यात अशा दहा जागा’, ‘खरे पुणे चाखायचे असेल तर’ अशा मथळ्यांच्या या याद्या आम्ही गेली अनेक वर्षे वाचत आहोत, आणि त्या वाचून उपाशी राहिलेल्यांपैकी आम्ही आहोत.

उपाशी हा शब्द आम्ही अलंकार म्हणून वापरलेला नाही. आम्ही बीड जिल्ह्यातले. आमच्यापैकी कोणी केजचे, कोणी पाटोद्याचे, कोणी आष्टीचे. बीड शहराला रेल्वे दिसली ती २०२५च्या सप्टेंबरात. त्याआधीच्या साऱ्या पिढ्या एसटीने नाहीतर रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुण्यात उतरल्या, पहाटेच्या अंधारात, आधी शिवाजीनगरला आणि मेट्रोच्या कामामुळे स्थानक हलल्यावर वाकडेवाडीला. हातात पिशवी, पिशवीत आईने बांधून दिलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. धपाटे फार तर दोन दिवस पुरतात. तिसऱ्या दिवशी माणूस कोणाला तरी विचारतो, ‘जेवायला चांगले कुठे?’ आमच्यापैकी एकाने असेच एका शहरवासी परिचिताला विचारले. त्याने आपुलकीने यादी लिहून दिली. त्या यादीतल्या पहिल्याच ठिकाणी आमच्या मित्राचे तीन दिवसांच्या जेवणाचे पैसे एका न्याहारीत संपले. त्या ठिकाणाची यात काही चूक नव्हती. दर भिंतीवर लावलेले होते. चूक यादीची होती. प्रश्न होता जेवणाचा, उत्तर मिळाले आठवणींचे.

या याद्या पाहिल्या तर नावे साधारण ठरलेली असतात. टिळक रस्त्याची बादशाही, लक्ष्मी रस्त्यावरचे पूना गेस्ट हाऊस, नारायण पेठेतली बेडेकरांची मिसळ, डेक्कनचे गुडलक, फर्ग्युसन रस्त्यावरचे वैशाली. या ठिकाणांच्या गुणवत्तेबद्दल आमचा वाद नाही, आणि पैसे जमले तेव्हा आम्हीही तिथे आनंदाने जेवलो आहोत. पण यादीकारांनी या नावांकडे जरा नीट पाहावे. ‘बोर्डिंग’ आणि ‘गेस्ट हाऊस’ हे शब्द पाटीवर का आले? गुडलक इराण्यांचे का? वैशालीला नावारूपाला आणणारे शेट्टी कानडी किनाऱ्यावरून का आले? ज्यांना ‘खरे पुणे’ म्हणून मिरवले जाते त्या जागा बहुतांशी बाहेरून आलेल्यांनी उभारल्या, आणि त्यांची पहिली गिऱ्हाइकेही घर नसलेले विद्यार्थी, एकटे कारकून आणि परगावचे पाहुणे अशीच होती. म्हणजे शहराचा अभिमान ज्या टेबलांवर बसला आहे ती टेबले मुळात परक्यांसाठी मांडलेली होती. आज त्यांच्याच नावाने जी यादी होते तिच्यात आजच्या परक्याला जागा नाही.

आजचा परका कुठे जेवतो? सदाशिव पेठ, नवी पेठ, शास्त्री रस्ता या भागांत स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी मुले-मुली राहतात. त्यांत मराठवाड्यातली बरीच. ती मेसमध्ये जेवतात. मेस म्हणजे कोणाच्या तरी वाड्यातल्या दोन खोल्या किंवा इमारतीचा तळमजला, चार बाकडी, भिंतीवर ‘ताटात अन्न टाकू नये’ ही सूचना. महिन्याचे पैसे आगाऊ. गावी गेल्यास खाडे धरले जातात, पण सलग इतके दिवस गैरहजर राहिलात तरच. नियम प्रत्येक मेसचा वेगळा आणि भांडणाचे मूळही तेच. रविवारी दुपारी फीस्ट, म्हणजे पुरी-भाजी आणि एखादे गोड. रविवारी संध्याकाळी मेस बंद. या बंद संध्याकाळी हजारो मुले वडापाव किंवा पोह्यांवर रात्र काढतात. ज्याला पुणे खाण्याच्या अंगाने समजून घ्यायचे आहे त्याने रविवारची ही संध्याकाळ समजून घ्यावी. कोणत्याही यादीत ती आम्हांला सापडलेली नाही.

यावर उत्तर तयार असते. ‘अहो, आम्ही रसिकांसाठी लिहितो. पोट भरणे वेगळे आणि चव घेणे वेगळे.’ हे विधान वरवर निरुपद्रवी आहे. आमच्या मते साऱ्या अनर्थाचे मूळ त्यातच आहे. पोट भरणाऱ्याला चव नसते, हा त्याचा गर्भितार्थ. वस्तुतः महिनाभर एकाच हाताचे जेवणाऱ्या माणसाइतका कठोर चवीचा परीक्षक दुसरा नसतो. आमटीत येसर घातला आहे की बाजारचा तयार मसाला, हे आमच्याकडचा मुलगा पहिल्या घासाला सांगतो. पोळी सकाळची आहे की आताची, हे त्याला बोटांना कळते. वर्षातून एकदा मिसळ खाऊन तिच्यावर परिच्छेद लिहिणाऱ्याची जीभ रसिक, आणि वर्षाचे सहाशे-सातशे घास-प्रसंग पारखणाऱ्याची जीभ नुसती भुकेली, हा न्याय कोणता?

भाकरीचेच पाहा. ज्वारीची भाकरी हे आमचे रोजचे अन्न. पुण्याच्या मेसमध्ये ती सहसा मिळत नाही, आणि यामागे कोणाचा दुष्टावा नाही. पोळीची कणीक एकदा मळली की शंभर पोळ्या भराभर लाटता येतात, त्या तासभर मऊही राहतात. भाकरीचे पीठ थोडे थोडे मळावे लागते, प्रत्येक भाकरी हाताने थापावी लागते आणि निवली की ती कडक होते. त्यात ज्वारीचे क्षेत्र सोयाबीन, कापूस, ऊस यांनी खाल्ले. रेशनवर आले गहू आणि तांदूळ. एकेकाळी गरिबाचे धान्य म्हणवली गेलेली ज्वारी बाजारात गव्हाला मागे टाकू लागली. परिणाम असा की शहरात भाकरी ही चैन झाली. ‘गावरान’, ‘चुलीवरचे’, ‘अस्सल’ अशा पाट्यांखाली, कंदील आणि बैलगाडीचे चाक टांगलेल्या जागी, भाकरी नगावर विकली जाते आणि यादीकार तिच्या मातीच्या वासाविषयी लिहितो. ज्याच्या घरची ती भाकरी तो शेजारच्या गल्लीत गार पोळी खात असतो. या विसंगतीवर एक ओळ तरी यायला हवी होती.

ही विसंगती केवळ पैशाची नाही. मराठीत खाण्यावर लिहिण्याची मोठी परंपरा आहे, आणि तिच्यात अनेक दशके एकाच स्वयंपाकघराचा धूर येत राहिला. शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ २०१५ साली आले तेव्हा कुठे मराठवाड्यातल्या दलितांच्या ताटाची नोंद पुस्तकाच्या रूपाने झाली. शीर्षकातला तो एक ‘अ’ आमच्या मते त्या साऱ्या परंपरेची समीक्षा आहे. जे अन्न पूर्णब्रह्म मानले गेले ते कोणाचे, आणि ज्यांना उरलेसुरले व टाकलेले खावे लागले त्यांच्या रांधण्याच्या कौशल्याला नाव का नाही? हा प्रश्न पुस्तकापुरता नाही. ‘घरगुती’, ‘सात्त्विक’, ‘शुद्ध’ ही विशेषणे यादीत येतात तेव्हा ती स्वच्छतेबद्दल बोलत असतात की स्वयंपाक करणाऱ्याच्या आडनावाबद्दल, हे यादीकाराने स्वतःला एकदा विचारावे. एकेकाळी खानावळीच्या पाट्यांवर जात उघड लिहिलेली असे. ती पाटी गेली. तिचा अर्थ विशेषणांत मुरला आहे की काय, अशी शंका घ्यायला जागा आहे.

खाण्याच्या जागेची शिफारस ही क्षुल्लक गोष्ट आहे असे मानणाऱ्यांना आम्ही कोल्हापूरची एक हकीकत आठवण करून देऊ इच्छितो. गंगाराम कांबळे हे राजर्षी शाहू छत्रपतींच्या सेवेतले अस्पृश्य गृहस्थ. पाण्याला शिवल्यावरून त्यांना सवर्णांनी मारहाण केली. महाराजांनी त्यांना चहाचे दुकान काढायला साहाय्य केले. त्याचे नाव सत्यसुधारक हॉटेल. गिऱ्हाईक कोण येणार? तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून त्या दुकानाचा चहा मागवू लागले, आणि सोबतच्या उच्चवर्णीय मंडळींनाही तो घ्यायला लावू लागले. मराठी मुलखात झालेली उपाहारगृहाची सर्वांत थोर शिफारस आम्ही हीच मानतो. चहात वेलची किती होती, याची चर्चा त्यात नव्हती. त्या शिफारशीने एक दार उघडले.

पुढे २६ जानेवारी १९५० रोजी जी राज्यघटना अमलात आली तिच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने आणि सार्वजनिक उपाहारगृहे यांचा नावाने उल्लेख आहे: तिथे प्रवेश करण्यास कोणाही नागरिकाला धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून मज्जाव असणार नाही. देशाच्या मूलभूत हक्कांत हॉटेलाचे नाव घालावे लागले, इतकी ती जागा गंभीर होती. आणि १९७५ साली मुंबईत प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापले ते गिरणगावात कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांसाठी. सावकाराच्या व्याजातून सुटून बँकेचे कर्ज त्यांना मिळावे म्हणून. मुंबईच्या खाण्याच्या इतिहासात इराण्याच्या बनमस्क्याला जेवढ्या ओळी मिळतात त्याच्या दशांश तरी या बायकांना मिळाव्यात. १९९५चे रुपयाचे झुणका-भाकर केंद्र आणि २०२०ची दहा रुपयांची शिवभोजन थाळी यांच्या राजकारणावर अग्रलेख पुष्कळ झाले. तिथली भाजी कशी होती, हे मात्र कोणी रसिकाने लिहिल्याचे आमच्या वाचनात नाही.

इथवर आम्ही शहराला बोललो. आता थोडे स्वतःला. आमच्या बीडला पुण्याचा पाहुणा आला की आम्ही त्याला कुठे नेतो? हायवेवरच्या ‘फॅमिली रेस्टॉरंट’मध्ये, जिथे पनीर आणि तंदुरी रोटी मिळते. स्टँडजवळच्या खानावळीत गरम भाकरी, पिठले आणि ठेचा असतो, पण तिथे न्यायची आम्हांला लाज वाटते. आमच्या मटण खानावळींत तर एकटी बाई येऊन बसली तर साऱ्या माना वळतात. तिच्यासाठी असतो तो पडद्यामागचा ‘फॅमिली रूम’, आणि कुटुंब सोबत नसेल तर तोही नाही. दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातली हजारो कुटुंबे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. कोपीत पहाटे अंधारात भाकऱ्या थापणारी बाई, ती भाकरी फडकीत बांधून दिवसभर फडात खाणारी माणसे, यांच्या जेवणाबद्दल आम्हीही कधी लिहिले नाही. शहरी यादीकाराचा दोष आम्हांला इतका स्पष्ट दिसतो, कारण तो आमच्याही अंगी आहे.

मग याद्या करूच नयेत काय? आम्ही असे म्हणत नाही. अवश्य कराव्यात, पण शिफारस करणाऱ्याने चार गोष्टी सांगण्याचे ऋण मानावे. एक, पोटभर जेवणाला किती पडतात. ‘माफक’ हा शब्द नको, आकडा हवा. दोन, तिथे एकटी स्त्री रात्री नऊला निर्धास्त जेवू शकते का. तीन, दुसऱ्यांदा भाजी मागितली तर वाढप्याच्या चेहऱ्यावर काय उमटते. चार, रविवारी संध्याकाळी ती जागा उघडी असते का. या चार उत्तरांनंतर रश्श्याचा रंग, तर्रीची उंची, लोण्याचा गोळा यांविषयी खुशाल पानेच्या पाने लिहावीत. आम्ही ती आवडीने वाचू.

आमची स्वतःची शिफारस विचाराल तर ती एका मेसची आहे. नाव देत नाही. बाकडी चारच आहेत आणि रसिकांची रांग लागली तर महिन्याचे पैसे भरलेली मुले बाहेर उभी राहतील. तिथे मावशी गुरुवारी रात्री ज्वारीची भाकरी करतात, माणशी दोन. भाजी बरी असते, आमटी पातळ. पण गावाकडून कोणी नवे पोर आले की त्या पहिल्या दिवशी विचारतात, ‘कुठला रे तू?’ आणि उत्तर ऐकून त्याच्या ताटात ठेचा जरा जास्त वाढतात. गुरुवारी तिसरी भाकरी मागणाऱ्याला त्यांनी नाही म्हटल्याचे आम्ही अजून पाहिलेले नाही. पण रविवारी संध्याकाळी तीही बंद असते.