गॅस्केट उडालं नाही, उडवलं!

काल पुन्हा कुंभार्ली घाटात एक टर्बो गाडी बॉनेट उघडून वाफा सोडत उभी. मागे एसटीपासून टेम्पोपर्यंत सगळे अडकलेले, आणि मालकाचं पालुपद तेच, "कंपनीचं हेड गॅस्केटच भिकार हो!"

नाही दादा. दोन महिन्यांपूर्वी लॅपटॉप लावून रिमॅप कुणी करून घेतलं? स्टेटसला तूच टाकलं होतंस.

जरा समजून घ्या. समुद्रसपाटीला हवेचा दाब साधारण 1 बार. टर्बोने त्यावर आणखी 1 बार बूस्ट दिला की इंजिनात जवळपास दुप्पट हवा कोंबली जाते. इंधन जास्त, भडका मोठा. हा दाब हेडला ब्लॉकवरून उचलू पाहतो, त्याला धरून ठेवतात ते हेड बोल्ट. गॅस्केट बिचारं मधल्या फटीत. बोल्ट तेच ठेवून बूस्ट वाढवत गेलात, तर एक दिवस हेड केसभर उचलतं आणि जळता वायू कुलंटमध्ये घुसतो. पेट्रोल गाडीत नॉकिंग सुरू झालं तर संपलंच, हातोडाच तो. बूस्ट वाढवणारा जर टायमिंग, इंधनाचं प्रमाण, इंटरकूलर यांचं नावही काढत नसेल, तर तो ट्यूनर नव्हे, सेल्समन.

आता गॅरेजवाले. (मित्रच आहेत, चहा बंद होईल, होऊ दे.) ओळखीतल्या एका गाडीचं गॅस्केट वर्षात दोनदा बदललं. हेडवर सरळ पट्टी ठेवून फीलर गेजने वाक बघितलाच नव्हता! बोल्टही जुनेच. बऱ्याच नव्या इंजिनांत हे बोल्ट आवळताना ताणले जातात, ते पुन्हा वापरायचे नसतात. टॉर्क रेंच? "हाताला अंदाज आहे साहेब." अंदाजाने मिसळीत तर्री घाला, हेड कसलं बसवता? वर कुलंटऐवजी बोअरचं पाणी. क्षार साचतात, पाण्याच्या वाटा तुंबतात, हेड तापून वाकतं.

कुठे गळती नसताना कुलंट कमी होतंय, टाकीत बुडबुडे येतायत, इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नाही, तर त्याच दिवशी गाडी उभी करा. घाट तर चढूच नका.

आणि पॉवर हवीच असेल, तर मूळ बूस्ट किती होता आणि किती केला, हे बिलावर लिहून घ्या. "बिल कशाला भाऊ?" म्हणाला, तर चावी उचला आणि निघा.