सुरांची चाळणी

गाडीत नवा स्टिरिओ बसला, की घरातल्या सगळ्यांनाच हुरूप येतो. गाणं लागतं, आवाज वाढत जातो... आणि एकाएकी झांजांची छनछन गप्प! ‘स्पीकर फुसका निघाला,’ असं म्हणून सगळे मोकळे होतात. पण पुष्कळदा त्या बिचाऱ्या स्पीकरचा काही दोष नसतो. त्याला न पेलणारं काम त्याच्या गळ्यात पडलेलं असतं.

कसं ते बघू या. आपल्या कानांना सेकंदाला साधारण २० ते २०,००० कंपनांचे आवाज ऐकू येतात. सेकंदाला एक कंपन म्हणजे एक हर्ट्झ. डग्ग्याचा घुमारा खालच्या टोकाकडे, झांजेची छनछन वरच्या टोकाकडे. खालच्या सुरांसाठी पुष्कळ हवा हलवावी लागते; ते काम मोठ्या पडद्याच्या वूफरचं. वरच्या सुरांसाठी पडदा भरभर थरथरायला हवा. म्हणून ट्वीटर असतो एखाद्या नाण्याएवढा आणि त्यातली तार अगदी बारीक. डग्ग्याचा जोरदार प्रवाह तिच्यातून गेला, तर ती तापून जळते.

मग ज्याचं काम त्याला वाटून कोण देणार? क्रॉसओव्हर! धान्याला असते तशी ही सुरांची चाळणी. स्पीकरकडे येणारा प्रवाह सारखा दिशा बदलत असतो. खालचा सूर असला तर सावकाश, वरचा असला तर भरभर. ट्वीटरच्या तारेत एक कपॅसिटर जोडला, की तो सावकाश उलटणारा प्रवाह अडवतो आणि भरभर उलटणारा सोडतो. तारेचं वेटोळं, म्हणजे कॉइल, नेमकं याच्या उलट करतं. म्हणून ते वूफरच्या वाटेवर बसवतात. कपॅसिटर मात्र अधिक-उणे खुणा नसलेला, ‘नॉन-पोलर’च हवा.

चाळणीची सीमा काढायचं गणित सोपं आहे. ट्वीटरचे ओहम आणि कपॅसिटरचे मायक्रोफॅरड यांचा गुणाकार करा आणि त्याने १,५९,००० ला भागा. ४ ओहम आणि १० मायक्रोफॅरड असतील, तर १,५९,००० ÷ ४० म्हणजे जवळजवळ ४,००० हर्ट्झ. पण ही काही भिंत नव्हे, हा उतार आहे. ४,००० हर्ट्झला निम्मी शक्ती ट्वीटरपर्यंत पोहोचते, २,००० ला पाचवा हिस्सा आणि १,००० ला फक्त सतरावा!

गाडीत सबवूफरही असेल, तर अॅम्प्लिफायरवर किंवा स्टिरिओच्या सेटिंगमध्ये ‘एलपीएफ’ आणि ‘एचपीएफ’ शोधा. पहिलं खालचे सूर जाऊ देतं, दुसरं वरचे. सबवूफरला एलपीएफ, दारातल्या स्पीकरना एचपीएफ. दोन्ही ८० हर्ट्झच्या आसपास ठेवून सुरुवात करतात. दारातला स्पीकर फडफडत असेल, तर त्याचा एचपीएफ थोडा वर सरकवून ऐका. मात्र गाडी उभी असतानाच हं, आणि आवाज बारीक ठेवून! तारांचं काम मोठ्यांनाच करू द्या. आधी बॅटरीची उणे तार सोडवलीत ना, एवढं तुम्ही विचारा.

आता एक कोडं. दादाने ४ ओहमचा ट्वीटर काढून ८ ओहमचा बसवला. कपॅसिटर तोच, १० मायक्रोफॅरडचा. चाळणीची सीमा कुठे गेली? नवा ट्वीटर जुन्यापेक्षा जास्त सुरक्षित की कमी? घ्या वही-पेन्सिल. आणि दादा आवाज वाढवायच्या आत उत्तर काढा बरं!