अचानक शब्द सापडेनासे झाले, तर

पक्षाघात म्हटला की हातपाय लुळे पडणे नि तोंड वाकडे होणे एवढेच डोळ्यांपुढे येते. कित्येकदा मात्र हातपाय शाबूत राहतात आणि फक्त भाषा जाते. सकाळपर्यंत ठणठणीत असलेले आबा एकाएकी विळ्याला ‘बैल’ म्हणू लागतात, किंवा भरभर बोलतात, पण अर्थ लागत नाही. घरचे म्हणतात, भ्रमिष्ट झाले. कुणी बाहेरचे बघायला सांगतो, कुणाला दारूचा संशय येतो. पिंपरी पेंढार, ओतूर, आळेफाटा या पट्ट्यातले रुग्ण यापायी उशिरा येताना दिसतात.

हा वाचाघात. बहुतेकांची भाषेची केंद्रे मेंदूच्या डाव्या बाजूला असतात. पुढचा भाग दुखावला की बरेचसे समजते, पण शब्द फुटत नाही, हे फ्रान्सच्या पॉल ब्रोकाने १८६१ मध्ये दाखवले. मागचा भाग दुखावला की बोलणे वाहते, पण निरर्थक. समोरच्याचे बोलणेही उमगत नाही. नुसती जीभ जड होणे निराळे. तिथे शब्द बरोबर असतात, उच्चार बिघडतो.

घरच्यांनी हा भेद करत बसू नये. नाव विचारा, घड्याळ दाखवून ‘हे काय?’ विचारा, ‘डोळे मिटा’ म्हणा. अडले, तर लगेच १०८. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत, तेही सीटी स्कॅननंतरच देता येते. आणि पुण्याच्या वाटेवर चाकणची कोंडी आहेच. त्रास सुरू झाल्याची वेळ लक्षात ठेवा. तोंडात पाणी-गोळी घालू नका, ठसका फुफ्फुसात जातो. दुचाकीवरून पडून डोक्याला मार लागलेल्याचे बोलणे बिघडले, तरी तीच घाई करा.

पुढचे महिने अवघड. एक वाक्य न जमणारा माणूस कधी हरिपाठ सुरात म्हणतो, शिवीही स्पष्ट देतो. मग ‘सोंग करतोय’ असा शिक्का बसतो. ते सोंग नव्हे. पाठ असलेले शब्द मेंदूत वेगळ्या वाटेने येतात. त्याच्याशी छोट्या वाक्यांत, एकेकाने, टीव्ही बंद करून बोला. वाचा-उपचाराने फरक पडतो, पण त्यासाठी दर खेपेला पुणे गाठणे किती शेतकऱ्यांना परवडेल? ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस तरी वाचा-उपचारतज्ज्ञ बसलाच पाहिजे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कायमचा वाचाघात दिव्यांगत्व म्हणून नोंदलेला आहे. प्रमाणपत्रासाठी अर्ज करा.

आणि ‘त्यांना आता काय कळतंय’ म्हणत जमिनीच्या कागदावर अंगठा उठवण्याआधी, त्यांना हो-नाही मानेने विचारून तरी पाहा.