संमीलन-वीज : आधी इंधनाचा हिशेब

‘डायसन स्फीअर प्रोग्रॅम’ या खेळात संमीलनाची वीज कमी पडू लागली की नवी वीजकेंद्रे उभारण्याकडे खेळाडूंचा कल असतो. खरी अडचण बहुतेक वेळा ड्यूटेरियमच्या पुरवठ्यात असते.

छोटे संमीलन केंद्र पूर्ण भारावर 15 मेगावॅट वीज देते. ड्यूटेरॉनच्या एका इंधनकांडीत 600 मेगाज्यूल ऊर्जा असते, म्हणजे ती 40 सेकंदांत संपते. कांडीमागे ड्यूटेरियमचे 10 नग लागतात. तेव्हा प्रत्येक केंद्राला सेकंदाला पाव नग मिळायलाच हवा.

फ्रॅक्शनेटरमधून जाणाऱ्या हायड्रोजनच्या प्रत्येक नगाचे ड्यूटेरियम होण्याची शक्यता 1 टक्का असते. उरलेला हायड्रोजन जसाच्या तसा बाहेर पडतो. त्यामुळे उत्पादन ठरते ते पट्ट्याच्या वेगावर. तिसऱ्या श्रेणीचा पट्टा सेकंदाला 30 नग वाहतो, म्हणजे एका फ्रॅक्शनेटरला 0.3 नग. एका केंद्राची गरज त्यातून जेमतेम भागते. तोच पट्टा चार थरांनी भरला, तर 1.2 नग मिळतात आणि जवळजवळ पाच केंद्रे चालतात.

फ्रॅक्शनेटर एकापुढे एक लावले की प्रत्येकामागे पट्टा थोडा रिकामा होतो. दहाव्यानंतर सुमारे दहा टक्के जागा मोकळी दिसते. परतणारा हायड्रोजन फिरवून पुन्हा पहिल्या यंत्राला द्यावा, पण स्प्लिटरमध्ये अग्रक्रम परतीच्या पट्ट्याला असावा आणि नव्या हायड्रोजनने फक्त मोकळ्या जागा भराव्यात. अग्रक्रम उलटा लागला, तर परतीचा माल तुंबतो आणि सगळी साखळी थांबते. पार्टिकल कोलायडर 10 हायड्रोजनचे 5 ड्यूटेरियम करतो, म्हणजे निम्मा कच्चा माल वाया जातो. जवळ वायुराक्षस ग्रह असेल, तर तिथल्या कक्षीय संग्राहकांकडून ड्यूटेरियम थेट मिळते.

दुसरा धोका ग्रिडचा. मागणी पुरवठ्यापेक्षा वाढली की सॉर्टर मंदावतात, कांड्या उशिरा पोचतात आणि वीज आणखी घटते. एकदा हे चक्र सुरू झाले की ते आपोआप थांबत नाही. म्हणून ड्यूटेरियम, कांड्या आणि केंद्रांचे सॉर्टर यांना पवनचक्क्या किंवा सौरपट्ट्यांचे स्वतंत्र ग्रिड द्यावे; कांड्यांचा साठाही राखावा.

केंद्रांची नवी रांग टाकण्याआधी जुन्या रांगेतल्या शेवटच्या केंद्रापर्यंत कांड्या पोचतात का, एवढे प्रत्येकाने तपासावे. तिथे कांड्या साचत असतील, तरच नवे केंद्र उभारण्यात अर्थ आहे.