वाचा गेली म्हणून माणूस गेला काय?

अर्धांगवायूचा झटका येतो, साडेचार तासांच्या आत रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन मिळते आणि जीव वाचतो. चार-आठ दिवसांनी डिस्चार्ज कार्ड हाती पडते. त्यावर रक्तदाबाची गोळी असते, रक्त पातळ ठेवणारी असते, हातापायांचा व्यायामही असतो. ज्याच्या तोंडून धड एक शब्द फुटत नाही त्याच्या वाचेसाठी मात्र बहुतेक वेळा एक ओळही नसते! ‘येईल हळूहळू’ असे सांगून त्याला घरी धाडतात. झटक्यानंतरचे पहिले काही महिने वाचा सुधारण्यासाठी सर्वांत मोलाचे. नेमके तेच वाट पाहण्यात नासवले जातात. याला आम्ही हलगर्जी म्हणत नाही, गुन्हा म्हणतो.

‘टॅन’ एवढाच उच्चार करू शकणाऱ्या रोग्याचा मेंदू 1861 साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी तपासला आणि इजा डाव्या बाजूला, पुढच्या भागात असल्याचे दाखवले. तेव्हापासून दीडशेहून अधिक वर्षे लोटली, तरी वाचाघात झालेल्याला आमच्याकडे बहिरा समजून कानाशी ओरडतात, खुळा ठरवून त्याच्यादेखत त्याच्याच जमिनीच्या वाटण्या करतात! हाच माणूस एक ते दहा घडाघडा म्हणतो आणि ‘मुलं किती?’ विचारताच अडतो. चहा हवा असतो, तोंडून ‘चप्पल’ निघते. चुकले हे त्याला तत्क्षणी कळते आणि तो मूठ आपटतो. काहींची समजही दुखावते, हे खरे. पण पुष्कळांना सारे उमगत असते, आपला होणारा अपमानसुद्धा.

बँकेत झटक्याने लुळ्या पडलेल्या उजव्या हाताची सही जुळत नाही म्हणून त्याला परत पाठवतात. आजारी खातेदाराचा अंगठा साक्षीदारांसमक्ष घ्यावा, ही रिझर्व्ह बँकेची सूचना काउंटरवरच्या साहेबांनी वाचायची कधी? स्वतःचा पैसा स्वतः सांभाळण्याचा हक्क दिव्यांगाला 2016 च्या कायद्याचे कलम 13 देते. त्याच कायद्याने 21 दिव्यांगत्वांत वाचाघाताचा नावानिशी समावेश केला. पण अट घातली ती दिव्यांगत्व कायमचे असण्याची. म्हणजे वाचा परत येण्याची आशा असते तोवर हा माणूस कायद्याच्या हिशेबात नाही. आशा संपली की प्रमाणपत्र! ते मिळूनही सरकारी नोकऱ्यांतल्या चार टक्के राखीव जागांत या गटाला स्वतंत्र वाटा नाही. हा अन्याय ज्यांनी लिहिला त्यांनीच तो पुसावा.

वांद्र्यात अली यावर जंग संस्थेत वाचातज्ज्ञ घडतात. जिल्ह्याजिल्ह्यात लहान मुलांच्या शीघ्र उपचार केंद्रासाठी त्यांची पदे आहेत, आणि ती हवीतच. पण पन्नाशीतल्या बापाने कोणाच्या दारात उभे राहायचे? खासगीत तासागणिक पैसे मोजावे लागतात, आणि दाखल झाल्याशिवाय नेहमीचा विमा दमडी देत नाही.

आरोग्यमंत्र्यांनी प्रत्येक जिल्हा रुग्णालयात प्रौढांसाठी वाचातज्ज्ञ नेमावा, अर्धांगवायूच्या प्रत्येक रोग्याची वाचा खाटेवरच तपासली जावी आणि पुढच्या उपचाराची तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहूनच त्याला घरी सोडावे. निधीची सबब आम्ही ऐकून घेणार नाही.