जबाब नको, आत्मकथन हवे

आमच्या लेखकांनी आत्मकथने लिहावीत, असे १९९० च्या सोलापूरच्या पहिल्या मुस्लिम मराठी साहित्य संमेलनानंतर आमच्या व्यासपीठांवरून वरचेवर सांगितले गेले. आत्मकथन वाचावे कसे, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही. ज्याला दुसऱ्याचे आयुष्य नीट वाचता येत नाही, त्याला स्वतःचे लिहिता येणार नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मेहरुन्निसा दलवाई यांचे ‘मी भरून पावले आहे’ (१९९५) घ्या. हमीदभाईंना मानणारे त्यात हमीदभाई शोधतात आणि त्यांना शिव्या घालणारेही हमीदभाईच शोधतात. नोकरी करून घर सांभाळणारी ही बाई स्वतःबद्दल काय बोलते, कुठे थांबते, हे पाहायला दोघांनाही सवड नाही. याला वाचन म्हणत नाहीत.

पुस्तक हाती घेतल्यावर पहिला प्रश्न विचारावा : हे कुणाला सांगितले आहे? दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) दगडू मारुती पवार बोलतो आणि दया पवार ऐकतो. माणूस एकच, पण पांढरपेशा झालेल्या स्वतःपुढेच तो आपला भूतकाळ मांडतो. म्हणून तिथे सारवासारव चालत नाही. आमच्या लेखनात ऐकणारा कोण असतो? बहुतेकदा शेजारचा सभ्य हिंदू वाचक. त्याला पटवायचे असते की आम्ही दिवाळीचा फराळ खातो, ईदला शीरखुर्मा पाठवतो, आम्ही तुमच्यासारखेच आहोत. नाहीतर ऐकणारी असते जमात, मग घरातले काहीच उंबऱ्याबाहेर येत नाही. दोन्हीकडे जबाब तयार होतो, आत्मकथन होत नाही.

दुसरा प्रश्न, काय गाळले आहे? बेबीताई कांबळे यांनी फलटणच्या आपल्या दुकानात बसून, घरच्यांपासून लपवून ‘जिणं आमुचं’ (१९८६) लिहिले. वस्तीतल्या सुनांचा छळ त्यांनी न डगमगता मांडला. स्वतःला सोसावी लागलेली नवऱ्याची मारहाण मात्र त्यांनी पुस्तकाबाहेर ठेवली, पुढे मुलाखतीत सांगितली. समाजाची कहाणी सांगताना आपली बाजूला ठेवली. एवढ्या धीट लेखिकेच्या पुस्तकातही मोकळी जागा राहते, ती दिसली पाहिजे.

मग आमची मोकळी जागा कोणती? बिरादरी. ‘इस्लाममध्ये जात नाही’ एवढे वाक्य लिहून आमचा लेखक पुढच्या प्रकरणाकडे वळतो. धर्मात नसेल, सोयरिकीत आहे ना! जत्रेत बकरे हलाल करून वाटा घेणाऱ्या मुलाणीने किंवा कापूस पिंजणाऱ्या पिंजाऱ्याने सय्यदाच्या घरी मुलगी मागितली तर काय होते, ते लिहा. तलाक मिळालेली बहीण माहेरी आल्यावर तिचे अंथरूण कुठे पडते, तेही लिहा.

तिसरा प्रश्न बोलीचा. घरात दखनी किंवा कोकणी बोलणारी आई पुस्तकात आली की पाठ्यपुस्तकातले मराठी बोलू लागते. लक्ष्मीबाई टिळक शाळेत गेल्या नव्हत्या. धर्मांतराने संसार फाटल्याची हकिगत ‘स्मृतिचित्रे’त सांगतानाही त्यांनी घरची भाषा सोडली नाही, स्वतःच्या सोवळ्याला हसण्याचेही सोडले नाही. आमच्या लेखकाला मात्र आईच्या भाषेची लाज वाटते आणि ही लाज ‘प्रमाण’ या शब्दाखाली झाकली जाते.

असे लिहिले तर कौमची बदनामी होईल, अशी ओरड होईलच. आम्हाला विरोधकांच्या हाती कोलीत द्यायचे नाही. पण ही भीती घालणारे बहुधा बिरादरीच्या वरच्या पायरीवर बसलेले असतात, हेही लक्षात घ्यावे. मुलाणीच्या पोराला, परत आलेल्या बहिणीला गप्प बसवून कौमची अब्रू वाचत नाही, वरच्यांची तेवढी वाचते.

नव्या लिहिणाऱ्यांनी ही पुस्तके पेन्सिल घेऊन वाचावीत. लेखक जिथे अडखळला, जिथे घाईने पुढे गेला, तिथे खूण करावी आणि आपल्या घरात तीच जागा कोणती आहे, ते शोधावे. पहिले प्रकरण तिथून सुरू करावे. जन्मतारीख, खानदान आणि सत्कार नंतर लिहिता येतील.